भरलेल्या ट्रॉलीलाच फ्यूज का उडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्रनगरात तुमचं मंडप-केटरिंगचं काम आहे. १२ व्होल्टची पिकअप आहे आणि तिच्यामागे जनरेटरची दोनचाकी ट्रॉली लागते. गेले दोन महिने रात्री ट्रॉली जोडून निघालं की पार्किंग-टेल लाइटचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो, ट्रॉलीबरोबर पिकअपचेही मागचे दिवे जातात. वर्कशॉपच्या अंगणात अर्धा तास दिवे लावून ठेवले तर काहीच होत नाही. एकाने २० चा फ्यूज घालून दिला, तेव्हा डॅशबोर्डखालून जळका वास आला. दुसऱ्याने साडेतीन हजार घेऊन ट्रॉलीची सगळी वायर नवी टाकली, आणि त्याच रात्री राऊ गाठेपर्यंत फ्यूज परत गेला. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘ट्रॉली रिकामी नेली तर मात्र जात नाही.’

ही शेवटची ओळ तुम्ही सगळ्यात आधी लिहायला हवी होती. माझं निम्मं काम तिनेच केलंय. पण तिच्याकडे वळण्याआधी एक काम आजच उरका. तो पिवळा २० चा फ्यूज अजून बसलेला असेल तर काढा आणि लाल १० चा घाला. उडाला तर उडू दे.

टेल लाइटची गाडीतली मूळ वायर बारीक असते, अर्धा ते पाऊण चौरस मिलिमीटरची. फ्यूज बल्बसाठी नसतो, या वायरीसाठी असतो. पुरता शॉर्ट लागला तर २० चा फ्यूजसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत जाईल, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे अर्धवट शॉर्टची. सोललेली तार गंजक्या पत्र्याला जेमतेम टेकली की पंधरा-अठरा अँपिअर वाहतात. १० चा फ्यूज एवढ्यावर काही वेळात जातो. २० चा मात्र ते निमूटपणे सोसतो आणि तापते ती डॅशबोर्डमागची वायर, शेजारच्या वीस वायरींना बरोबर घेऊन. तुम्हाला आला तो वास तिथलाच. फ्यूज बॉक्स सोडवून मागे टॉर्च मारून बघा. एखादी वायर कडक झालेली किंवा तिचं प्लास्टिक चकाकतं, ओघळलेलं दिसलं तर तेवढा तुकडा बदलावा लागेल, मग ट्रॉलीचा दोष सापडो न सापडो.

‘लोड जास्त झाला असेल’ असं तुम्हाला दोघांनी सांगितलंय. त्याचा हिशोब कागदावर होतो. ट्रॉलीचे दोन टेल बल्ब ५ वॅटचे, नंबरप्लेटचा ५ चा, बाजूचे चार छोटे दिवे धरले तर ते २० वॅट. झाले ३५ वॅट. १२ ने भागा, तीन अँपिअरच्या आत. पिकअपचे स्वतःचे पुढचे-मागचे मिळून साधारण २५ वॅट, वर मीटरचे दिवे. सगळं मिळून साडेपाच, सहा धरा. १० चा फ्यूज यावर वर्षानुवर्षं चालायला हवा. शिवाय जास्त लोडचा फ्यूज उडायला वेळ लागतो, तो दिवे लावल्यावर काही मिनिटांनी जातो आणि अंगणातही जातो. तुमचा तसा जात नाही. हां, मंडपवाल्यांची एक खोड मला माहीत आहे. ट्रॉलीवर कंपनीच्या नावाची दिव्यांची पट्टी किंवा एखादा हॅलोजन टेल लाइटच्या वायरीतून घेतलेला नाही ना, तेवढं बघून घ्या. ५५ वॅटचा एक हॅलोजन एकटाच साडेचार अँपिअर ओढतो.

तर लोड नाही, शॉर्ट आहे; आणि तोही कधी लागतो, कधी सुटतो. अशा शॉर्टला पकडायचं म्हणजे तो ज्या परिस्थितीत लागतो तीच परिस्थिती उभ्या गाडीत आणायची. तुमच्या दोन्ही वायरिंगवाल्यांनी ट्रॉली रिकामी करून, सपाट अंगणात, चाकाला दगड लावून तपासली असणार. म्हणजे ज्या अवस्थेत ती कधीच बिघडत नाही नेमक्या त्याच अवस्थेत. पीथमपूरला गाड्या तपासायला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक बांधलाय, २०२१ साली सुरू झाला. आपल्या ट्रॉल्यांच्या नशिबी स्पीडब्रेकर आणि भेरूघाट. तपासणी त्यावरच बेतायला हवी.

जनरेटर चढवला की ट्रॉलीत काय काय बदलतं? एक तर पाटे, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतात, एक्सल आणि चेसिसमधलं अंतर कमी होतं, टायर मडगार्डच्या जवळ येतं. एक्सलवरून किंवा मडगार्डच्या आतून गेलेली वायर चिमटीत सापडते. हे कुणालाही सुचेल. दुसरा बदल सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दांड्यावर वजन येतं आणि दांड्याच्या टोकाची वाटी पिकअपच्या मागच्या, ट्रॉली अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर घट्ट बसते. लोखंडाला लोखंड टेकतं.

यात बिघडण्यासारखं काय, ते माझ्याकडे आलेल्या एका ट्रॉलीवरून सांगतो. पाण्याची टाकी वाहणारी होती, देवास नाक्याच्या बाजूची. तक्रार हुबेहूब तुमची, टाकी रिकामी असली की दिवे ठणठणीत, भरली की फ्यूज गेला. मीही आधी पाट्यांखाली सरपटत तासभर घालवला. वायर कुठेच दबत नव्हती. मग कंटाळून टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे एका बाजूला चिमटी, दुसऱ्या बाजूला टोक आणि मधे छोटा बल्ब. चिमटी पिकअपच्या अर्थला, म्हणजे बॅटरीचा मायनस जोडलेल्या बॉडीला लावली आणि टोक सहज ट्रॉलीच्या चेसिसला टेकवलं. लॅम्प पेटला. ट्रॉलीच्या अख्ख्या सांगाड्यात १२ व्होल्ट होते! हाताला काही कळत नाही, १२ व्होल्टचा झटका बसत नाही.

झालं होतं असं. दिवे प्लास्टिकच्या खोक्यातले. सात पिनी प्लगमधली अर्थची पांढरी वायर थेट दिव्यांपर्यंत नेली होती, पण चेसिसला कुठेच बोल्ट मारून जोडली नव्हती. नंबरप्लेटचा एक स्क्रू मागच्या टेल वायरीतून आरपार गेला होता. म्हणजे स्क्रूमधून करंट चेसिसमध्ये आला, पण चेसिस अर्थशी जोडलेलंच नाही, त्यामुळे पुढे जायला वाट नाही. दिवे मजेत चालू. गोळ्यावर रंग आणि ग्रीसचा जाड थर होता, टाकी रिकामी असली की वाटी त्या थरावर तरंगायची. टाकी भरली की वजनाने थर फाटायचा, लोखंड लोखंडाला भिडायचं, चेसिसमधला करंट गोळ्यातून पिकअपच्या बॉडीत, की फ्यूज खल्लास. दोष ट्रॉलीच्या शेपटाला आणि कळ दाबली जायची तोंडाशी.

तुमच्या नव्या वायरिंगमध्येही असंच काहीसं झालंय, असा माझा दाट संशय आहे. नवी वायर टाकणाऱ्याने जुनी जशी होती तशीच ओढली असेल, त्याच भोकांतून, आणि त्याच स्क्रूंनी नंबरप्लेट परत बसवली असेल.

हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. ट्रॉलीचा दांडा गोळ्यावरून उचलून जॅकवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवा, सुरक्षेची साखळीही सोडा, चाकांना दगड लावा. प्लग मात्र पिकअपच्या सॉकेटमध्ये लावलेला राहू दे. पार्किंग लाइट चालू करा. टेस्ट लॅम्पची चिमटी पिकअपच्या चेसिसवर, जिथे लोखंड उघडं आहे तिथे. टोक ट्रॉलीच्या चेसिसवर, रंग खरवडून. लॅम्प पेटला तर चोर घरातच आहे. मग इंडिकेटर आणि ब्रेक लावूनही एकेकदा बघा. लॅम्प पेटला नाही, तर टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक परत ट्रॉलीच्या चेसिसवर. आता तो पेटायलाच हवा, कारण पांढरी वायर चेसिसला जोडलेली असायला हवी. नाही पेटला तर चेसिसला अर्थ नाही, आणि वरचा खेळ आज नाही तर उद्या होणारच.

यातून काही निघालं नाही तर पुढची पायरी, आणि हीच माझी मुख्य गोष्ट: फ्यूज जाळणं बंद करा, त्याच्या जागी बल्ब लावा.

मी हे काम शिकलो ते इंदूरच्या कापड मिलांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांच्या ट्रॉल्यांवर. मिला कधीच्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात, आणि मिरवणुकीच्या रात्री ट्रॅक्टर रांगेत लागलेला असताना खिशातले फ्यूज एकामागून एक जाळायला सवड नसते. आमचे उस्ताद म्हणायचे, ‘भिया, फ्यूज मत जला, बल्ब जला.’ फ्यूज एका क्षणात सांगून मोकळा होतो की शॉर्ट आहे, आणि तोंड मिटतो. बल्ब बोलत राहतो. शॉर्ट लागला की पेटतो, सुटला की मंदावतो, आणि वायर जळू देत नाही, कारण ५५ वॅटचा बल्ब मधे असताना साडेचार-पाचापेक्षा जास्त अँपिअर वाहूच शकत नाहीत.

करायचं असं. हेडलाइटचा एखादा जुना एच-४ बल्ब घ्या, एक फिलामेंट गेलेला असला तरी दुसरा चालतो. तुमच्याकडे जळालेले फ्यूज ढिगाने असतील. त्यातल्या एकाची वरची प्लास्टिकची टोपी थोडी कापा, दोन्ही पायांना एक एक वायर झाळून घ्या आणि त्या वायरींची दुसरी टोकं बल्बला. झाला तुमचा बल्बवाला फ्यूज. तो बॉक्समध्ये फ्यूजच्या जागी खोचा. वायर दोन-तीन मीटर लांब ठेवा म्हणजे बल्ब खिडकीतून बाहेर काढून मागून दिसेल असा टांगता येईल. सीटवर किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, हा बल्ब भयंकर तापतो. एकदा माझ्याच हातून एका गिऱ्हाइकाच्या नव्या सीट कव्हरला रुपयाएवढं भोक पडलंय.

आता ट्रॉलीतले टेलचे, नंबरप्लेटचे आणि बाजूचे सगळे बल्ब काढून घ्या. प्लग काढलेला असताना पार्किंग लाइट लावा. पिकअपचे दिवे किंचित मंद लागतील आणि एच-४ जेमतेम लालसर होईल किंवा दिसणारही नाही. हे ठीक. तो इथेच पांढरा लख्ख पेटला आणि पिकअपचे पार्किंग लाइट विझले, तर ट्रॉलीला हात लावू नका, शॉर्ट पिकअपमध्येच आहे. बहुतेक वेळा सॉकेटच्या मागे, जिथे कुणीतरी मूळ वायर सोलून त्यावर नवी गुंडाळलेली असते. ती वायर सायलेन्सरला टेकून वितळलेली मी कितीदा पाहिली आहे.

इथे काही दिसलं नाही, तर प्लग लावा. बल्बमध्ये फरक पडता कामा नये, कारण ट्रॉलीत आता बल्बच नाहीत. मग ट्रॉली भरा. हो, जनरेटर चढवूनच. दांडा गोळ्यावर, दोन माणसं मागच्या कडेवर उभी करून हलवा, उड्या मारायला लावा. पोरगा पिकअपमध्ये बसवून स्टेअरिंग पुरं डावीकडे, पुरं उजवीकडे, दहा फूट मागेपुढे. तुम्ही टांगलेल्या बल्बवर नजर ठेवा. ज्या क्षणी तो भप्पकन पेटेल आणि पिकअपचे मागचे दिवे विझतील, ‘थांब!’ म्हणा. कुणी काय हलवलं तेव्हा? तिथेच शोधायचं. उजवीकडे वळताना पेटला तर दांड्याजवळचा केबल. मागे उडी मारली तेव्हा पेटला तर पाटे, मडगार्ड, नंबरप्लेट. बल्ब पेटता ठेवून वायर हाताने जागोजागी दाबत, ओढत चला. जिथे हात लावल्यावर बल्ब लुकलुकतो तिथेच वायर सोललेली असते. जनरेटरच्या टाकीतून डिझेल-पेट्रोल पाझरत असेल तर ते आधी पुसून, गळती बंद करूनच हे करा. शॉर्टच्या जागी ठिणगी उडते.

एक अट आहे. हल्लीच्या काही गाड्यांत दिवे साध्या फ्यूजवर नसतात, कॉम्प्युटरवर असतात, तिथे हा प्रयोग गाडीवर करू नका. ट्रॉली सोडवून बाजूला घ्या, एक सुटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. मायनस ट्रॉलीच्या प्लगमधल्या ३ नंबरला आणि शिवाय एक जोडवायर ट्रॉलीच्या चेसिसलाही, नाहीतर पाण्याच्या टाकीवाल्या ट्रॉलीसारखा शॉर्ट लपून राहतो. प्लसपासून एच-४ बल्ब, बल्बपासून एक वायर, ती आळीपाळीने ५ आणि ७ नंबरच्या पिनला. ट्रॉलीतले सगळे बल्ब काढलेले असताना पेटला तर ती बाजू दोषी.

पिनांचे नंबर प्लगच्या प्लास्टिकमध्ये कोरलेले असतात, टॉर्च लावून नीट वाचा. जागेवरून अंदाज बांधू नका. सॉकेट समोरून आणि प्लग मागून पाहिला की सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, आणि या घोळात टेलची वायर अर्थवर चढवलेले प्लग मी पाहिलेत. रूढ पद्धत अशी: १ डावा इंडिकेटर, पिवळी वायर. २ मागचा धुक्याचा दिवा, निळी. ३ अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा टेल, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा टेल, काळी. आपल्याकडच्या ट्रॉल्यांत रंगांवर मात्र भरवसा नको. दुकानात जी रीळ हाताला लागली ती टाकलेली असते, मी संपूर्ण ट्रॉली एकाच लाल रंगात केलेलीही पाहिली आहे.

मल्टिमीटरने का नाही, असं तुम्ही विचाराल. मल्टिमीटर चांगलाच आहे, पण त्याचा बझर फसवतो, आणि मी स्वतः फसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका ट्रॉलीच्या टेल वायर आणि अर्थमध्ये मीटर लावला, टीं करून वाजला. शॉर्ट सापडला म्हणून दुपारपर्यंत अख्खी केबल उकलली, काही नाही. बल्ब काढलेच नव्हते. थंड बल्बचं फिलामेंट म्हणजे जवळजवळ सरळ तारच. २१ वॅटचा बल्ब पेटल्यावर सात ओहम दाखवतो, पण थंड असताना एका ओहमच्याही आत. ५ वॅटचा थंड असताना दोन-तीन ओहम. बझरला तो शॉर्टच वाटतो. दुसरं, कधी लागतो कधी सुटतो असा शॉर्ट मीटरच्या त्या दोन सेकंदांत सापडेलच असं नाही. आणि करंट मोजायला क्लॅम्प मीटर आणायचा असेल तर तो डीसी मोजणारा आहे ना ते विचारून घ्या. महाराणी रोडवर स्वस्तात मिळतात त्यांतले पुष्कळ फक्त एसी मोजतात, बॅटरीच्या वायरीभोवती लावले की शून्य दाखवत बसतात.

शॉर्ट सापडण्याच्या ठरलेल्या जागा सांगतो, पण यादी म्हणून नाही, जसा मी ट्रॉलीभोवती फिरतो तसं. आधी दांडा. तिथे केबल एक तर इतकी तोकडी असते की वळताना ताणली जाते, किंवा इतकी लांब की रस्त्यावर घासत जाते. मग केबल चेसिसच्या चौकोनी पाइपात शिरते ते भोक. वेल्डिंगवाल्याने गॅसने पाडलेलं, कडेला करवतीसारखे दाते. रबरी बुश नसला तर प्रत्येक खड्ड्यात तो दात केबलवर एक घास घेतो. पाइपाच्या आतला भाग दिसत नाही, पण केबल दोन्ही टोकांना धरून मागेपुढे ओढली आणि एच-४ लुकलुकला तर समजा आत सोललंय. मग पाटे आणि एक्सल. मग मागचे स्क्रू, नंबरप्लेटचे, रिफ्लेक्टरचे, चकाकत्या पट्टीचे. प्रत्येक स्क्रूच्या मागे बोट घालून वायर कुठे आहे ते बघा. शेवटी दिव्यांचे होल्डर. दोन फिलामेंटच्या बल्बच्या होल्डरमध्ये एकेरी बल्ब ठोकून बसवला की तळाचे दोन्ही संपर्क जोडले जातात, ब्रेक दाबला की टेलची लाइन पण जिवंत. त्याने थेट फ्यूज जातोच असं नाही, पण दिवे असे काही वेड्यासारखे वागतात की माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो. ट्रॉली चार महिने गोदामात उभी होती का? मग उंदीर.

अर्थबद्दल एक गैरसमज आहे, तो सगळ्याच गॅरेजात ऐकू येतो, ‘अर्थ खराब आहे म्हणून फ्यूज जातो.’ अर्थ खराब असला तर करंट कमी होतो, जास्त नाही. खराब अर्थने दिवे मंद होतात, इंडिकेटर लावला की टेलसुद्धा लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर विझतो. फ्यूज जात नाही. उलट एखाद्याने गंजलेला अर्थ नीट केला आणि दुसऱ्या दिवसापासून फ्यूज उडायला लागला, तर अर्थला दोष देऊ नका. खराब अर्थने आतापर्यंत लपवलेला शॉर्ट आता उघडा पडलाय एवढंच.

पावसाचंही तसंच. आषाढात अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे खूप येतात आणि सगळे पाण्याला नावं ठेवतात. १२ व्होल्टवर पिनांमधल्या पाण्यातून इतका थोडा करंट जातो की १० चा फ्यूज त्याने हलतही नाही. पाणी फ्यूज उडवत नाही, पाणी पिना खातं. प्लग खाली तोंड करून लोंबकळत राहतो, त्यात चिखलपाणी साचतं, तांब्यावर हिरवा थर येतो. त्याने दिवे जातात. तो दोष वेगळा.

दोष सापडल्यावर दुरुस्ती उरकून टाकू नका. सोललेल्या जागेवर नुसती काळी टेप गुंडाळली तर मे महिन्यात तिचा गोंद वितळतो आणि ती शेपटासारखी लोंबायला लागते. तेवढा तुकडा काढा, दोन्ही टोकं चिमटवून जोडा, वर गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी. हलणाऱ्या जागी झाळकाम नको, झाळलेल्या तारेची हलण्याची ताकद जाते आणि ती झाळ संपते तिथे नेमकी तुटते. भोकाला रबरी बुश, केबलवर कॉरुगेटेड पाइप, दर फूट-दीड फुटावर क्लिप. दांड्याजवळ एवढीच ढील ठेवा की दोन्हीकडे पूर्ण वळून ताण येणार नाही आणि सरळ असताना जमीन लागणार नाही.

पांढरी अर्थ वायर सगळ्यांत जाड हवी, अडीच चौरस मिलिमीटरची. सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परत येतो. टेल, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर एकदम लागले तर जवळजवळ १० अँपिअर होतात. ती दिव्यांपर्यंत न्याच, पण चेसिसलाही एका ठिकाणी जोडा. रंग खरवडून लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासा, गोल थिंबल, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून ग्रीस. म्हणजे पुढे कधी वायर चेसिसला टेकली तर शॉर्ट तिथल्या तिथे, रिकाम्या ट्रॉलीतही लागेल आणि अंगणातच सापडेल. चेसिसला अर्थ देणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण, असं तुमचा वायरिंगवाला कदाचित म्हणेल. त्याला म्हणा, आमंत्रण दिलेलं बरं, न सांगता रात्री भेरूघाटात येण्यापेक्षा.

आणि तुमचा धंदा रात्रीचा आहे, तेव्हा एक खर्च करा असं मी सुचवेन. ट्रॉलीचे दिवे पिकअपच्या फ्यूजवर ठेवूच नका. टेल, ब्रेक, डावा, उजवा असे चार रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, लावून घ्या. रिलेच्या पायांना नंबर असतात. पिकअपच्या दिव्यांच्या वायरी फक्त रिलेची ८५-८६ ची कॉइल चालवतात, त्याला प्रत्येकी अँपिअरचा पाचवा हिस्सा पुरतो. ट्रॉलीचा खरा करंट बॅटरीवरून वेगळ्या १५ च्या निळ्या फ्यूजमधून ३० वर येतो आणि ८७ मधून ट्रॉलीत जातो. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत, त्याच्या पुढची वायर दीड-अडीच चौरस मिलिमीटरची, म्हणजे १५ चा फ्यूज तिला सांभाळू शकेल. मग ट्रॉलीत काही झालं तरी पिकअपचे दिवे चालू राहतील. सध्या तुमचं उलट चाललंय. ट्रॉलीच्या एका स्क्रूपायी महामार्गावर गाडी आणि ट्रॉली दोन्ही अंधारात, मागून ट्रक. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि उजेडात चमकणारी पट्टी हवीच, तिला फ्यूज लागत नाही.

तेव्हा रविवारी काम नसलं तर हा क्रम: २० चा फ्यूज बाहेर, दांडा उचलून टेस्ट लॅम्प चेसिसला, नंबरप्लेटचे चारही स्क्रू उघडून बघणं, मग एच-४ टांगून भरलेली ट्रॉली हलवणं. माझी पैज नंबरप्लेटवर आहे, त्यातही प्लेटच्या दिव्याजवळच्या स्क्रूवर, कारण नवी वायर टाकणाऱ्याने सगळ्यात शेवटी, घाईत घट्ट केलेला स्क्रू तोच असतो. तिथे नाही सापडलं तर दांडा गोळ्यावर ठेवा आणि पाइपाच्या पुढच्या भोकात बोट घाला. दाते लागले तर वायर काढून पाहायचीही गरज नाही.